खरजेच्या किड्याची कुळकथा

वैद्यकाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे प्लेग, देवी, पटकी, महारोग ही नावे आपोआप पुढे येतात. ज्या रोगांनी गावेच्या गावे ओस पाडली आणि सैन्यांचा फन्ना उडविला, त्यांना इतिहासात मानाचे पान मिळावे हे योग्यच आहे. खरजेला असा मान कोणी दिला नाही. खरजेने माणूस सहसा मरत नाही. तो खाजवीत राहतो, आणि चारचौघांत खाजविण्याची लाज वाटते म्हणून दुखणे लपवितो. या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडल्याचे ऐकून एका स्नेह्यांनी मला विचारले, "भर वसंतात तुम्हांला दुसरे काही सुचले नाही का?" सुचले होते. परंतु या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या रोगाचा एक दावा असा आहे की तो ऐकून घेतला पाहिजे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखविले ते १८८२ साली. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, १६८७ मध्ये, खरजेचे सजीव कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, त्याचे चित्र काढून, छापून प्रसिद्ध झाले होते. आणि पुढची दीडशे वर्षे विद्वानांनी ते मानले नाही. हे न मानणे कसे घडले, ते आज सांगावयाचे आहे.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो कोळी आणि गोचीड यांच्या गोत्रातला, आठ पायांचा जीव आहे. मादीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. चांगल्या नजरेच्या माणसाला ती काळ्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यासारखी कशीबशी दिसू शकते. ही मादी कातडीच्या सर्वांत वरच्या, निर्जीव थरात शिरते आणि आडवे भुयार खणीत पुढे सरकते. वाटेत रोज दोनतीन अंडी घालते आणि महिना-दीड महिन्याने त्या भुयारातच मरते. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीचा भोवताल, कमर, जननेंद्रिये ही तिची आवडती ठिकाणे. भुयार म्हणजे कातडीवर राखी रंगाची, नागमोडी, चारपाच मिलिमीटरांची रेघ. या रेघेच्या एका टोकाशी मादी बसलेली असते. हे शेवटचे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. साऱ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

रोग्याला ही रेघ दिसत नाही. त्याला दिसतात त्या पुटकुळ्या, पू धरलेले फोड, खाजवून काढलेले ओरखडे आणि खपल्या. किडा, त्याची अंडी व त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर चिडून उठते आणि ही सारी दंगल अंगभर माजते. त्यामुळे जिथे फोड असेल तिथे किडा असेलच असे नाही. शिवाय पहिल्यांदा लागण झाली की शरीराला चिडावयास महिनाभर, कधी दीड महिना लागतो. तोवर रोगी स्वस्थ असतो, आणि त्या अवधीत घरातल्या आणखी चौघांना प्रसाद मिळालेला असतो. खाज रात्री अंथरुणाची ऊब लागली की उसळते. ज्याने ती रात्र काढली आहे त्याला अधिक सांगणे नको.

आपल्याकडे हा रोग फार जुना. खरूज हा शब्दच संस्कृत 'खर्जू'पासून आलेला. चरकाने त्वचेच्या रोगांची 'कुष्ठ' या एका छत्राखाली मांडणी केली. त्यांत सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. या क्षुद्र मंडळीत पामा आहे, दद्रू आहे, विचर्चिका आहे. सुश्रुताने पामेबरोबर कच्छूचे वर्णन केले आणि ती हात, पाय व कुल्ले यांवर उठते असे सांगितले. ज्याने खरूज झालेले लेकरू पाहिले आहे त्याला ही खूण पटेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुष्ठे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात, आणि स्पर्श, एक शय्या, एकमेकांची वस्त्रे यांतून जातात, हेही सुश्रुतसंहितेत स्पष्ट नोंदलेले आहे. एवढे असूनही रोगाचे मूळ मानले गेले ते दोषांच्या बिघाडातच. म्हणजे आत काहीतरी नासले आणि ते कातडीवर फुटले. 'रक्त बिघडले आहे' हे वाक्य आपल्या घरांतून आजही ऐकू येते. त्यामागे ही परंपरा आहे.

युरोपात निराळे नव्हते. तेथे गेलेनची गादी चालू होती. खरजेचे कारण कोणी काळे पित्त सांगे, कोणी रक्तातले तिखट आम्ल, कोणी आंबलेला रस. किड्याचा उल्लेख मधूनमधून होई. बाराव्या शतकात स्पेनमधील इब्न झुहर या वैद्याने कातडी सोलली असता तीतून निघणाऱ्या, दिसेल न दिसेल अशा जीवाविषयी लिहिले होते. इंग्लंडमधील थॉमस मॉफेट १६०४ साली वारला. त्याचा कीटकांवरील ग्रंथ १६३४ मध्ये निघाला, त्यात तर हा जीव फोडाच्या आत राहत नाही, शेजारी राहतो, इतके बारीक निरीक्षण आहे. पण जुन्या मताप्रमाणे हे किडे बिघडलेल्या रसातून आपोआप उपजलेले! केरात उंदीर उपजतात तसे. किडा दिसला तरी तो रोगाचे फळ ठरे, बीज ठरत नसे.

आता आपण इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्होर्नो बंदरात जाऊ. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचे हे बंदर. येथे जहाजे वल्हविण्यासाठी ठेवलेले गुलाम आणि बंदी मोठ्या बराकीत कोंबलेले असत, म्हणजे खरजेला याहून उत्तम घर नाही. या गावात जोव्हान्नी कोझिमो बोनोमो नावाचा तरुण वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी नावाचा औषधविक्या राहत होते. चेस्तोनीचे शिक्षण बेताचे, पण हाती सूक्ष्मदर्शक आणि डोक्यात चौकसपणा. दोघांच्या कानांवर एक गोष्ट होती, आणि ती त्या गावात कोणाच्याही कानांवर असणार: गरीब बायका आपल्या खरजुल्या पोरांच्या अंगातून टाचणीच्या टोकाने काहीतरी बारीक काढतात, अंगठ्याच्या नखावर ठेवतात आणि दुसऱ्या नखाने चिरडतात. चिरडताना बारीकसा आवाज होतो म्हणे. बराकीतले गुलाम हीच सेवा एकमेकांची करीत. आपल्याकडे आजी नातीच्या डोक्यातली ऊ मारते, तसाच हा प्रकार.

या दोघांनी काय केले? त्यांनी एक खरजेचा रोगी गाठला आणि 'कोठे खाज अधिक सुटते?' असे विचारले. मला वाटते, या प्रश्नाइतका मोलाचा प्रश्न त्या शतकात त्वचारोगाच्या बाबतीत कोणी विचारला नसेल. त्याने दाखविलेल्या जागेतून त्यांनी तो कण काढला व काचेखाली धरला. कासवासारखा, पांढुरका, पाठीवर किंचित काळसर छटा असलेला, चपळ, चालता जीव दिसला. पुन:पुन्हा, निरनिराळ्या रोग्यांवर त्यांनी हे केले. एकदा तर पाहता पाहता त्या जीवाच्या मागून अंडे बाहेर पडले. अंडे घालतो म्हणजे नर-मादी आहे, वंश आहे. म्हणजे तो सडक्या रसातून उपजत नाही! मांसात आपोआप किडे पडत नाहीत, माश्या अंडी घालतात म्हणून पडतात, हे फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ साली दाखविलेलेच होते. बोनोमोने आपली हकीकत पत्ररूपाने या रेदींनाच लिहिली आणि १६८७ मध्ये ती फ्लॉरेन्समध्ये छापली गेली.

या छोट्या पत्रात काय नाही? रोगाचे कारण हा किडा, दुसरे कोणतेही नाही. रोग पसरतो तो किडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर चढतो म्हणून; अंथरुणे-पांघरुणे, टॉवेल, हातमोजे यांतूनही तो जातो. पोटात घ्यावयाची औषधे, रेच, रक्त काढणे यांचा उपयोग नाही. गंधक वगैरेंचे बाहेरून लावावयाचे लेप गुण देतात, कारण ते किड्याला मारतात. आणि बरा झालेला रोगी पुन्हा आजारी पडतो तो अंडी मागे उरतात म्हणून, तेव्हा गुण आल्यावरही दोन दिवस लेप चालू ठेवावा. आजचा डॉक्टर यात फारसे खोडणार नाही.

मग अडले कोठे? अडले ते रोममध्ये. पोपचे वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी हे मोठे विद्वान. हिवतापाचा दलदलीशी असलेला संबंध सांगणारे हेच. त्यांनी किडा नाकारला नाही, पण तो एकटा कारण आहे हे नाकारले. रसांचा बिघाड मानलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. बोनोमोने वाद वाढविला नाही. गॅलिलिओची चौकशी होऊन तेव्हा साठ वर्षेही झाली नव्हती, आणि पोपच्या वैद्याशी किती ताणावयाचे हे तस्कनीतल्या तरुण वैद्याला सांगावे लागत नसावे. बोनोमो १६९६ मध्ये वारला. चेस्तोनीने १७१० साली एका पत्रातून शोधातला आपला वाटा सांगितला. त्याआधी १७०३ मध्ये रिचर्ड मीड या इंग्रज वैद्याने या पत्राचा गोषवारा लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आणला होता. म्हणजे गोष्ट दडपली गेली असेही नाही. ती युरोपभर वाचली गेली, आणि बाजूला ठेवली गेली.

याचे एक कारण प्राणिशास्त्रातल्या घोटाळ्यात आहे. थोर वर्गीकरणकार लिनियस याने खरजेचा किडा आणि पिठात, चीजमध्ये होणारा किडा यांना जवळजवळ एकच मानले. द गेर या स्वीडिश पंडिताने १७७८ मध्ये दोघांची वेगळी, बिनचूक चित्रे दिली. हॅनोव्हरच्या विखमान याने १७८६ मध्ये किड्याच्या बाजूने पुस्तकच लिहिले. पण वैद्य प्राणिशास्त्र कशाला वाचतील!

दुसरे कारण अधिक खोल आहे. रोग आतून बाहेर येतो असे एकदा मानले की कातडीवरचा फोड हा शरीराने उघडलेला दरवाजा ठरतो, आणि लेप लावून तो बंद करणे धोक्याचे ठरते. खरूज 'आत दडपली' तर क्षय होईल, वेड लागेल, दमा जडेल, असे गंभीर ग्रंथांतून लिहिले जाई. ट्यूबिंगनचे ओटेनरीथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे मत जोराने मांडले. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ साली बहुतेक जुनाट रोगांचे मूळ 'सोरा' या खरजेच्या दोषात शोधले. या पंडितांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की रोगी बरे होण्याआधीच दुसऱ्या रोगाने मरताना ते रोज पाहत होते, आणि गरिबाच्या अंगावर खरूज नसेल असा गरीब त्या काळी विरळा. दोन गोष्टी एकाच देही नांदल्या की त्यांचे नाते जुळविण्याचा मोह मोठा असतो.

तिसरे कारण मात्र पाहण्याच्या पद्धतीत आहे. लंडनचे रॉबर्ट विलन यांनी १७९८ ते १८०८ या काळात त्वचारोगांची नवी मांडणी केली. रोगाचे तर्क करण्याआधी कातडीवर काय दिसते ते पाहा, असे त्यांचे सांगणे. डाग, पुळी, पाण्याचा फोड, पुवाचा फोड, पापुद्रा, गाठ अशा आठ वर्गांत त्यांनी सारे रोग बसविले. आज त्वचारोगांचा विद्यार्थी पहिल्या दिवशी शिकतो ती ही भाषा. शास्त्राला तिने फार मोठी शिस्त लावली. या मांडणीत खरूज पडली ती पुवाच्या फोडांच्या वर्गात. ठळक दिसते ते घेतले, आणि ती बारीक राखी रेघ सुटली. किडा शोधणारे फोड फोडून पाहत आणि रिकाम्या हाताने परतत.

येथून पुढचा प्रवेश पॅरिसचा आहे, आणि तो नाटकात शोभावा असा आहे. तेथील सँ-लुई रुग्णालय हे त्वचारोगांचे माहेरघर. तेथला औषधविभागातला गालेस याने १८१२ साली प्रबंध सादर केला. किडा सापडला, शेकडो वेळा सापडला, आणि तोही फोडातच सापडला! सोबत सुरेख चित्र. गालेसचे नाव झाले, पुढे त्याच्या गंधकाच्या धुरीच्या पेट्याही चालल्या. पण इतर कोणालाच तो किडा सापडेना. वर्षे गेली. अखेर रास्पाय या चौकस शास्त्रज्ञाने १८२९ साली दाखवून दिले की गालेसच्या चित्रातला प्राणी हा चीजमधला किडा आहे. मग एकच हसे झाले, आणि गालेसबरोबर खऱ्या किड्याचीही अब्रू गेली. सँ-लुईमधलेच डॉ. ल्युगोल यांनी तर जाहीर केले की खरजेचा किडा जो दाखवील त्याला तीनशे फ्रँक देईन. आयोडीनच्या द्रावाला ज्यांचे नाव आहे तेच हे ल्युगोल.

१८३४ च्या ऑगस्टमध्ये आलिबेर यांच्या वर्गात रेनूची नावाचा विद्यार्थी बसला होता. हा कॉर्सिका बेटावरचा. लहानपणापासून त्याने आपल्या गावच्या बायकांना सुईने खरजेचा किडा काढताना पाहिले होते. येथे एवढे मोठे लोक किडा आहे की नाही यावर वाद करताहेत याचेच त्याला नवल वाटले असावे. १३ ऑगस्टला त्याने सर्वांसमक्ष एका रोग्याचा हात घेतला, फोडाकडे न जाता शेजारच्या रेघेच्या टोकाशी सुई घातली आणि किडा काढून दाखविला. आलिबेर हे त्वचारोगांचा वृक्ष रेखाटणारे आचार्य. पण या आचार्यांनी आपल्या वर्गात एका विद्यार्थ्याला सुई चालवू दिली, हे त्यांच्या मोठेपणाचे धरले पाहिजे. लिव्होर्नोच्या बायका आणि कॉर्सिकाच्या बायका यांच्यामध्ये एकशे सत्तेचाळीस वर्षे गेली होती. त्या मधल्या काळात त्या बायका किडे काढीतच होत्या.

किडा आहे हे सिद्ध झाले, तरी तोच कारण आहे हे राहिले. ते काम व्हिएन्नात झाले. फेर्डिनांड हेब्रा हा १८४१ साली पदवी घेतलेला डॉक्टर. त्याला सार्वजनिक रुग्णालयातल्या खरजेच्या खोल्या सोपविण्यात आल्या. त्या खोल्या म्हणजे कोणालाच नको असलेले काम. हेब्राने किडे स्वत:च्या कातडीवर सोडले आणि काय होते ते लिहून ठेवले. निरोगी माणसाला किड्याने खरूज होते; किडे मारले की ती जाते; आत काहीही दडपले जात नाही. केवळ खाजविण्याने किती प्रकारचे फोड व चट्टे उठतात, हेही त्याने दाखविले. १८४४ मध्ये त्याचा निबंध निघाला आणि 'बिघडलेल्या रसां'ची सद्दी या रोगापुरती तरी संपली. जाता जाता सांगतो, बाळंतिणीच्या तापावरील सेमेलवाइसचा शोध १८४७ साली जगापुढे प्रथम मांडला तो याच हेब्राने. बाहेरून आलेले कारण ओळखावयाची त्याला सवय झाली होती.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये खरूज उसळली. १९४१ मध्ये तिच्यासाठी खास हुकूम काढावा लागला. सैन्यातील कांबळी, कपडे भट्टीत घालून निर्जंतुक करण्याचा मोठा खटाटोप चालला होता. शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धात लढण्यास सदसद्विवेकाने नकार दिलेले काही तरुण जमविले. त्यांना खरजेच्या सैनिकांची न धुतलेली आतली वस्त्रे घालावयास दिली, त्यांच्या कांबळ्यांत उघड्या अंगाने निजविले. महिने गेले, आणि लागण झाली ती अगदी थोड्यांना. उलट रोग्याच्या शेजारी एका अंथरुणात निजले की ती होई. मेलनबीने ८८६ रोग्यांच्या अंगावरच्या माद्या मोजल्या. सरासरी निघाली अकराच्या थोडी वर. अंगभर आग माजविणारे शत्रू म्हणजे एवढेच, आणि त्यांतले सहा आणे नव्हे, जवळपास दहा आणे हातांवर व मनगटांवर! त्या तरुणांनी देशासाठी बंदूक धरली नाही म्हणून त्यांना पुष्कळ बोल लागले. त्यांनी काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणी मांडला नाही. कपड्यांविषयी बोनोमो आणि सुश्रुत दोघेही पूर्ण चुकले असे मात्र नाही. ज्या थोड्या रोग्यांच्या अंगावर खपल्यांचे थर चढून किडे हजारोंनी, लाखोंनी वाढतात, त्यांची वस्त्रे खरोखरच धोक्याची असतात.

आज हा रोग गेला आहे काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. तिच्या अंदाजाने कोणत्याही घडीला जगात वीस कोटींहून अधिक लोक खाजवीत असतात. आणि तो निरुपद्रवीही नाही. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात आणि त्यांतून लहान मुलांचे मूत्रपिंड बिघडू शकते. फोडांची भीती बाळगणाऱ्या जुन्या पंडितांना आतल्या अवयवाशी संबंध दिसला होता तो अगदीच भ्रम नव्हता. दिशा मात्र त्यांनी उलटी धरली.

औषधे चांगली आहेत. जुने गंधकाचे मलम, नंतर बेन्झिल बेन्झोएट, आता परमेथ्रिन, आणि पोटात घ्यावयाचे आयव्हरमेक्टिन, ज्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कँपबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फिजी बेटांवर एक प्रयोग झाला. तेथील एका गटात रोगी-निरोगी न पाहता सर्वांनाच आयव्हरमेक्टिन दिले. खरजेचे प्रमाण शंभरात ३२ होते, ते वर्षाने २ च्या खाली आले. जेथे नेहमीप्रमाणे फक्त रोगी आणि त्यांच्या संपर्कातली माणसे यांनाच औषध दिले, तेथे ते निम्म्यावरच थांबले.

आपल्या घरातली अडचण हीच आहे. डॉक्टर सांगतात, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत मलम लावा आणि आठवड्याने पुन्हा लावा. आपण लावतो ते ज्याला खाज सुटते त्याला, आणि जिथे फोड दिसतो तिथे. सासऱ्यांना सांगावयास संकोच वाटतो, पाहुण्याला तर कोण सांगणार! शिवाय किडे सारे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत राहतात आणि खाज दोनतीन आठवडे चालूच राहते. ते रोग्याला कोणी सांगितलेले नसते. तो चार दिवस वाट पाहतो, औषध लागू पडले नाही असे ठरवितो, मलमाची नळी कोनाड्यात टाकतो आणि रक्तशुद्धीचा काढा आणावयास निघतो.